मेबॅक मोटार, कोल्हापूर
कोल्हापूर छत्रपतींच्या संग्रहातील आलिशान जर्मन मोटार. राजारामपुरी ज्यांच्या नावाने वसली, त्या छत्रपती राजाराम महाराजांच्या (कारकीर्द १९२२–४०) काळातील. फ्रीडरिशहाफेनच्या मेबॅक कारखान्याने १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सुमारे १,८०० मोटारीच बांधल्या. कारखाना इंजिन व सांगाडा देई; वरचा साज गिऱ्हाइकाच्या पसंतीने वेगळे कारागीर चढवीत. परदेशी धनिकांत, भारतीय संस्थानिकांतही, तिला मोठा मान होता. विजयादशमीला राजपरिवार या मोटारीतून दसरा चौकात येतो; शमीपूजनानंतर सोने लुटले जाते. संग्रहालयात थिजलेल्या गाड्यांहून ही रस्त्यावर फिरणारी मेबॅक निःसंशय मोलाची.