रणांगणावरील कान

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये विजयदुर्ग झाले आणि आम्हां परमुलखी चाकरी करणाऱ्या मराठी मंडळींस तो किल्ला एकाएकी घरचा वाटू लागला. त्याच्यासमोर विस्तीर्ण मैदान आहे. १७५६ साली सिराजुद्दौल्याने जुना किल्ला जिंकला, तेव्हा तटाजवळच्या घरांचा त्याच्या सैन्यास आयताच आडोसा मिळाला होता. म्हणून १७५८ पासून बांधलेल्या नव्या किल्ल्याभोवती जागा मोकळी राखण्यात आली. डोळ्यांची सोय झाली. परंतु धुरात, झाडीत वा अंधारात डोळा निकामी होतो, आणि शिपायाचा जीव कानाच्या हवाली होतो.

जुना किल्ला पडला आणि नवा उभा राहिला, त्या दरम्यान २३ जून १७५७ रोजी पलाशीची लढाई झाली. भर दुपारी पाऊस कोसळला. नबाबाची दारू भिजली. इंग्रजांनी मात्र आपली झाकून ठेवली होती. त्यांच्याही तोफा मुक्या झाल्या असे समजून मीर मदनने चाल केली, असे सांगतात. तोफांच्या माऱ्यात तो पडला. शांततेचा चुकीचा अर्थ लावणे इतके महाग पडते!

पुढे गोळी दूरवरही ध्वनीहून अधिक वेगाने जाऊ लागली, तेव्हा नवाच पेच पडला. जवळून जाणाऱ्या गोळीचा कडाका आधी ऐकू येतो, बंदुकीचा दबका बार मागाहून. नवशिका कडाक्याकडे वळतो व फसतो. जाणता शिपाई दुसऱ्या आवाजाची वाट पाहतो. दिशा त्यावरून कळते, आणि दोहोंत एका सेकंदाचे अंतर असल्यास शत्रू सुमारे सहाशे मीटरांवर असतो. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग यांनीही काळाच्या अशाच हिशेबाने लपलेल्या तोफा हुडकल्या. दूरदूर मांडलेल्या ध्वनिग्राहकांपर्यंत बार पोहोचण्याच्या वेळांतील फरक ते मोजीत.

१६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी पावनखिंडीत ज्या आवाजाची वाट पाहिली, तो शत्रूचा नव्हता. महाराज विशाळगडी पोहोचल्याच्या इशारतीचे तोफांचे बार ऐकूनच त्यांनी देह ठेवला, असे परंपरा सांगते. खिंडीतल्या कल्लोळात तो आवाज त्यांना ओळखता आला, कारण त्याचा अर्थ आधीच ठरलेला होता. आवाज सर्वांच्याच कानी पडतो. त्याचा अर्थ ज्याला ठाऊक असतो, त्यालाच तो उपयोगी पडतो.