सेवाग्रामच्या वाटेवरचा पत्रकार

सावंगी (मेघे) हे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते विनोबांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयामुळे. तिथून थोड्याच अंतरावर वर्धा शहर लागते आणि शहराच्या पलीकडे सेवाग्राम. या परिसराने देशाला एक थोर राजकीय पत्रकार दाखवला. त्यांचे नाव महादेवभाई देसाई. गांधीजींचे सचिव म्हणून आपण त्यांना ओळखतो. पत्रकार म्हणून मात्र विसरलो आहोत.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी सुरत जिल्ह्यातल्या सरस गावी झाला. १९१७ मध्ये ते गांधीजींकडे आले. पत्रकारितेतली त्यांची खरी कसोटी लागली ती १९२१ मध्ये, अलाहाबादेत. मोतीलाल नेहरूंनी काढलेल्या आणि सय्यद हुसेन यांनी प्रथम संपादन केलेल्या ‘इंडिपेंडंट’ची धुरा त्यांच्याकडे आली होती. सरकारने छपाईचा मार्ग बंद केला, तेव्हा त्यांनी अंक हाताने लिहून काढला. त्याची किंमत त्यांना एक वर्षाच्या कैदेने मोजावी लागली.

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. महादेवभाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत. सुमारे पाच मैलांची ती वाट ते विदर्भाच्या उन्हातही पायी तुडवीत. टपाल, भेटीगाठी, भाषांतर हे सारे सांभाळून ‘हरिजन’चा मजकूर वेळेवर तयार करीत.

आम्हाला त्यांचे दोन ग्रंथ विशेष महत्त्वाचे वाटतात. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटलेल्या खान अब्दुल गफ्फार खान आणि डॉ. खानसाहेब या बंधूंना सरहद्द प्रांतात जायला बंदी होती. ते वर्ध्याला जमनालाल बजाजांकडे राहिले. महादेवभाईंनी त्यांना जवळून ऐकले आणि १९३५ मध्ये त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. दरम्यान डिसेंबर १९३४ मध्ये गफ्फार खानांना वर्ध्यातच पुन्हा अटक झाली होती. दुसरा ग्रंथ मौलाना आझादांवरचा, १९४० चा. त्याच वर्षी मार्चमध्ये मौलाना रामगढला काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला. अशा गढूळ हवेत, एका श्रद्धाळू हिंदू पत्रकाराने मुसलमान माणसाबद्दल ऐकीव गोष्टींवर न लिहिता त्याच्याकडूनच समजून घेऊन लिहावे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

ते गांधीजींचे भक्त होते. मग ते स्वतंत्र पत्रकार कसे, असा प्रश्न कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गांधीजींचा विचार पोचवणे हेच त्यांनी आपले काम मानले होते. पण १९३८ मध्ये कस्तुरबांबरोबर आपल्या पत्नीही हरिजनांना बंदी असलेल्या पुरीच्या मंदिरात गेल्या आणि गांधीजी दुखावले, तेव्हा महादेवभाईंनी त्यांना सोडून जाण्याची तयारी दाखवली. हे घरातले दुखणे त्यांनी ‘हरिजन’च्या वाचकांपासून लपवले नाही. भक्ती असली तरी वाचकाशी असलेले इमान त्यांनी सोडले नव्हते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत त्यांना अटक झाली. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. ‘हरिजन’ही बंद पडला तो १९४६ पर्यंत.

आज एका जमातीविषयी दुसऱ्या जमातीला बातम्या पुष्कळ मिळतात, ओळख मात्र होत नाही. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याजवळ आधी बसावे, हा महादेवभाईंचा साधा रिवाज आपण सर्वच लिहिणाऱ्यांनी, कोणत्याही धर्माचे असू, उचलायला हवा.