शर्करा-उद्योगाचे अनुदान आणि एक अनुल्लेख

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा आहार व हृदयविकार यांविषयीचा समीक्षालेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात साखरेवरील संशय सौम्य करून दोषाचा भार स्निग्ध पदार्थांवर टाकण्यात आला होता. या लेखासाठी 'शुगर रिसर्च फाउंडेशन'ने ६,५०० डॉलर दिले होते, मसुदेही पाहिले होते. जुन्या पत्रव्यवहाराच्या आधारे हे २०१६ मध्ये उजेडात आले. हितसंबंध प्रकट करण्याची अट सदर नियतकालिकाने १९८४ मध्ये घातली; सबब तत्पूर्वी नियमभंग झालाच नाही, असा युक्तिवाद संभवतो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. संशोधकांच्या प्रयोगांना लाभलेल्या अन्य अनुदानांचा निर्देश त्याच समीक्षालेखात आहे. वगळला गेला तो नेमका साखर-उद्योगाच्या या साहाय्याचा.