मराठीने स्वल्पविराम कसा घेतला

आपण मराठी लिहिताना आज ज्या सहजतेने स्वल्पविराम देतो, ती सहजता फार जुनी नाही. ज्ञानेश्वरांना हे चिन्ह ठाऊक नव्हते, समर्थांना नव्हते, आणि पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच्या रुमाल बांधले गेले, त्यांतही ते नाही. मग या मंडळींचे काय अडले? आणि त्यांचे अडले नसेल, तर आपण हे चिन्ह परक्याकडून का उचलले? हे दोन प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात घोळत आहेत. आपण सिंगापूरकर मराठी माणसे ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी आणि बाजारात मिळेल ती भाषा बोलतो. त्यामुळे हा विषय वाटतो तितका व्याकरणाच्या मास्तरांपुरता नाही.

आधी जुन्या लिहिण्याकडे पाहू. रोजचा व्यवहार मोडीत चाले. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग त्या रेघेला अक्षरे लटकवीत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही, हा मोडीचा सारा डौल. त्यामुळे शब्दाशब्दांत जागा सुटत नसे, मग वाक्यावाक्यांत चिन्ह कुठून येणार? बाळबोध पोथ्यांत दंड असत, एक उभा किंवा दोन उभे. पण ते मुख्यतः ओवीचा चरण किंवा श्लोक संपला हे सांगण्यासाठी. गद्यातला अर्थ तोडून दाखवणे हे त्यांचे काम नव्हते.

चिन्हाचे काम शब्द करीत. पत्राला ‘विनंती विशेष’ आले की मायना संपून मजकूर सुरू झाला हे वाचणाऱ्याला कळे. ‘बहुत काय लिहिणे’ आले की मजकूर संपत आला. बखरीत ‘ऐसे’, ‘तेव्हा’, ‘त्याजवर’ हे शब्द वाक्याचे सांधे दाखवीत. शिवकालीन राजपत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी लहान मुद्रा उठवीत, तिला मोर्तब म्हणत. लेखनाची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी अक्षर घुसडू नये, असा तिचा अर्थ. पूर्णविराम म्हणून याहून जबरदस्त चिन्ह जगात कुठे असेल असे मला वाटत नाही.

शिवाय आपल्या भाषेची बांधणीही मदतीला होती. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘आला’, ‘गेला’, ‘आहे’ ऐकले की वाक्य मिटले. ‘जाऊन’, ‘करून’ ही रूपे मधले दुवे सांभाळतात, ‘जो’ आला की पुढे ‘तो’ येणारच याची खात्री असते, आणि दुसऱ्याचे बोलणे संपले हे सांगायला ‘असे’ किंवा ‘म्हणून’ हजर असते. थोडक्यात, मराठीची विरामचिन्हे बरीचशी तिच्या शब्दांतच विणलेली होती. मात्र हे लिखाण मोठ्याने वाचण्यासाठी होते. पत्र आले की जाणकार ते वाचून दाखवी आणि कुठे थांबायचे ते त्याचा आवाज ठरवी.

आवाजाची ही सोय छापखान्याने मोडली. युरोपातही हेच घडले होते. ‘कॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘तोडलेला तुकडा’. आजच्या आकाराचा कॉमा रूढ केला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतियुस यांनी. एकट्याने, मनातल्या मनात वाचणारा वाचक समोर आला तेव्हा त्याला थांबे दाखवणे भाग पडले. मराठीत ही पाळी एकोणिसाव्या शतकात आली. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला बंगालात छापले गेले. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्यात एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी स्तंभ असे. दोन भाषा अशा शेजारी बसल्या की एकीचे दागिने दुसरीच्या अंगावर चढायला वेळ लागत नाही. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले आणि मराठीला नियमांत बसवण्याचे काम एतद्देशीयांनी हाती घेतले.

पण विरामचिन्हांचे श्रेय ज्यांना दिले जाते ते मेजर थॉमस कँडी. हे १८२२ साली जुळ्या भावासह हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात दोघेही भाऊ होते. पुढे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश आणि सरकारी भाषांतरे यांत थॉमस कँडींचे आयुष्य गेले. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे छोटे पुस्तक १८५० चे. शाळाखात्याची पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात, म्हणून त्यांनी मान्य केलेली चिन्हे मुलांच्या पाटीवर उतरली आणि ती मुले मोठी होऊन लेखक झाली. कँडींनी मराठीला इंग्रजी वळण लावले अशी तक्रार तेव्हाही होती, आजही ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. पण गंमत अशी की इंग्रजीविरुद्ध मराठीचा झेंडा ज्यांनी उभारला त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ पासूनची ‘निबंधमाला’ उघडावी, तर तिची लांबलचक, डौलदार वाक्ये या परक्या चिन्हांच्याच खांबांवर उभी आहेत. १८७७ मध्ये कँडी वारले तोवर वाद संपून गेला होता. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले, तोवर तर एक पिढी या चिन्हांतच वाढली होती. हिंदीने पूर्णविरामासाठी उभा दंड ठेवला, मराठीने इंग्रजी टिंब घेतले. शेजारी शेजारी नांदणाऱ्या, एकाच लिपीतल्या दोन भाषांनी दोन वाटा धरल्या.

आता जरा आपल्या बेटावर येऊ. माझे ऑफिस चांगी बिझनेस पार्कमध्ये आहे. १९९७ साली जेटीसीने उघडलेली ही सुमारे ७१ हेक्टरांची वसाहत, बँकांच्या आणि संगणकाच्या कामाची. इथे भारतीय इतके दिसतात की गमतीने कोणी तिला ‘चांगलोर’ म्हणतात. आमच्या मजल्यावरची एक मराठी मैत्रीण यजमानांच्या बदलीमुळे ऑस्लोला निघाली आहे. ती जेवणाच्या सुट्टीत नॉर्वेजियन घोटते. भाषा जमते, पण कॉमे छळतात असे तिचे म्हणणे. नियम थोडक्यात असे: दोन पूर्ण वाक्ये ‘आणि’, ‘पण’ अशा शब्दांनी जोडली तर मध्ये कॉमा. गौण वाक्य आधी आले तर ते संपताच कॉमा. आणि ‘तिथे उभा असलेला माणूस माझा बाप आहे’ या अर्थाच्या वाक्यात गौण भाग संपला की कॉमा, त्याच्या आधी मात्र नाही. इंग्रजीत या शेवटच्या ठिकाणी कॉमा चूक ठरतो, म्हणून ती अडखळत होती.

मी तिला म्हटले, “अगं, इंग्रजी विसर आणि मराठीत म्हणून बघ. ‘जो माणूस तिथे उभा आहे, तो माझा बाप आहे.’ ‘जेव्हा तो येईल, तेव्हा जेवू.’ कॉमा कुठे पडला?” नेमका तिथेच! आपले ‘जो-तो’ आणि ‘जेव्हा-तेव्हा’ यांचा सांधा आणि नॉर्वेजियन कॉमा एकाच जागी येतात. मात्र ही मैत्री ‘की’पाशी संपते. ‘तो म्हणाला की मी येईन’ यात जर्मन माणूस ‘की’च्या आधी कॉमा देणारच, नॉर्वेजियन कुठेच देत नाही, आणि मराठी वर्तमानपत्रे बहुधा ‘की’च्या नंतर देतात. कारण आपला ‘की’ मागच्या क्रियापदाला चिकटून उच्चारला जातो आणि श्वास त्याच्यानंतर घेतला जातो.

नॉर्वेतल्या शाळांत कॉम्याचे महत्त्व पटवायला एक ठरलेले वाक्य आहे: ‘हेंग हाम इक्के वेंट टिल यै कॉमर’. शब्दशः ‘फाशी द्या त्याला नको थांबा मी येईपर्यंत’. कॉमा ‘नको’च्या आधी पडला तर माणूस मेला, नंतर पडला तर वाचला. हे वाक्य नीट मराठीत आणून पाहा. ‘फाशी देऊ नका थांबा’ म्हटले तर माणूस वाचतो, ‘फाशी द्या थांबू नका’ म्हटले तर मरतो, आणि दोन्हीकडे कॉम्याची गरज नाही! आपला नकार क्रियापदाचे रूपच बदलतो. आपल्याकडे घात व्हायला अक्षर बदलावे लागते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाशी परंपरेने जोडलेली ‘ध’ चा ‘मा’ ही कथा तेच सांगते.

म्हणून मराठीला स्वल्पविराम लागतच नाही असे मात्र समजू नये. ‘आई बाबा आले’ हे वाक्य घ्या. स्वल्पविराम दिला तर आईला बाबा आल्याची वर्दी, न दिला तर दोघेही दारात. ‘आज नाही, उद्या येईन’ हे वचन आहे, ‘आज नाही उद्या येईन’ ही टोलवाटोलवी.

आणि कधी कधी प्रकरण याहून महागात पडते. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मृत्युपत्रात लिहिले होते, ‘शेत घर व विहिरीचा निम्मा हिस्सा धाकट्यास द्यावा’. धाकटा म्हणे शेत आणि घर पूर्ण माझे, निम्मी फक्त विहीर. थोरला म्हणे तिन्हींचा निम्मा. ‘व’च्या आधी एक स्वल्पविराम असता तर धाकट्याचे म्हणणे सरळ ठरले असते, पण आपल्या नियमाप्रमाणे यादीत ‘व’च्या आधी तो देत नाहीत. गावच्या वडीलधाऱ्यांनी अखेर तोड काढली, पण मधली कित्येक वर्षे भाऊ भावाच्या उंबऱ्याला शिवला नाही. यातला खरा दोष चिन्हाचा नाही, वाक्याचा आहे. ‘शेत पूर्ण द्यावे, घर पूर्ण द्यावे आणि विहिरीचा निम्मा हिस्सा द्यावा’ असे जुन्या पद्धतीने क्रियापद पुन्हा पुन्हा वापरले असते तर चिन्हावाचून अर्थ स्वच्छ राहिला असता.

हे आपल्याच भाषेत होते असेही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा वेळेच्या मजुरीचा एक कायदा होता. त्यातल्या कामांच्या यादीत ‘किंवा’च्या आधी कॉमा नव्हता. एका दूधकंपनीच्या वाहनचालकांनी त्यावर बोट ठेवले, २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. बघा, ही रक्कम लिहितानाही कॉमा आडवा येतो. आपण ५०,००,००० लिहू, सिंगापुरात ५,०००,००० लिहितात, आणि नॉर्वेजियन माणूस हजारांमध्ये नुसती जागा सोडतो, कारण त्याचा कॉमा दशांश चिन्ह म्हणून आधीच कामाला लागलेला असतो.

आपल्यापैकी अनेकांना आता इथून मुखत्यारपत्रे, बक्षीसपत्रे, मृत्युपत्रे तिकडे पाठवावी लागतात. मसुदा वकील करतील, पण सही करण्यापूर्वी तो कागद एकदा मोठ्याने वाचावा, आणि नंतर श्वास वेगळ्या ठिकाणी घेऊन पुन्हा वाचावा. अर्थ बदलला तर वाक्यच बदलून घ्यावे.

आणि मुलांचे काय? इथे वाढणारी आपली मुले मराठी लिहितात तेव्हा इंग्रजीचे कॉमे जसेच्या तसे पेरतात, आणि आजीच्या बिनकॉम्याच्या पत्राला हसतात. त्यांना नियमांचा तक्ता देण्याआधी ते पत्र आवाजात वाचायला लावावे. आजीने थांबे चिन्हांत नव्हे, ‘म्हणून’, ‘तर’, ‘बरं का’ यांत ठेवलेले असतात, हे कानाला कळते. ते एकदा कळले की पाहुणा म्हणून आलेला स्वल्पविराम कुठे हवा आणि कुठे त्याने तसदी घेऊ नये, हे त्यांचे त्यांनाच उमगेल. बहुत काय लिहिणे.