पहिला रक्तदाता

१६६५ सालचा फेब्रुवारी महिना. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर नावाचा एक वैद्य कुत्र्याला मेजावर बांधून उभा होता. रक्त शरीरात फिरते हे हार्वेने १६२८ मध्ये सांगितले होते. तेव्हा एकाचे रक्त दुसऱ्यात फिरवता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. लोअरने त्या मध्यम बांध्याच्या कुत्र्याची मानेची शीर उघडली, त्याला झटके येईपर्यंत रक्त वाहू दिले आणि मग एका दांडग्या मॅस्टिफच्या धमनीतले रक्त नळीने त्याच्यात सोडले. कुत्रे सावरले. पुन्हा रक्त काढले, पुन्हा भरले. दोन मॅस्टिफांचे रक्त खर्ची पडल्यावर जखम शिवली, तेव्हा कुत्रे मेजावरून टुणकन उडी मारून धन्याला लाडीगोडी करू लागले आणि अंगावरचे रक्त पुसायला गवतात लोळले!

पुढच्याच वर्षी लंडनला असा प्रयोग झाला. रोजनिशीकार पीप्सने १४ नोव्हेंबर १६६६ ला त्याची नोंद केली आहे. रक्त घेणारा कुत्रा ठणठणीत राहिला, देणारा जागीच मेला. क्वेकरपंथीयाचे रक्त आर्चबिशपच्या अंगात घातले तर काय होईल, यावर मंडळींत थट्टा रंगली म्हणे. मेलेल्या कुत्र्याविषयी कोणी हळहळले की नाही, कोण जाणे.

पण या यशाने माणूस फसला. कुत्र्यांतही रक्तगट असतात. मात्र दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये त्यांच्या अंगात जन्मतः सहसा नसतात. म्हणून पहिल्या खेपेला परके रक्त बहुधा निभावून जाते. माणसाचे तसे नाही. हे ठाऊक नसताना १६६७ मध्ये पॅरिसच्या झां-बाप्तिस्त दनीने माणसांना कोकराचे आणि वासराचे रक्त दिले. त्यांतला एक रुग्ण दगावला, प्रकरण कोर्टात गेले आणि रक्त देण्याची ही विद्या जवळजवळ दीडशे वर्षे अडगळीत पडली. तिला बाहेर काढले लंडनच्या जेम्स ब्लंडेलने, १८१८ च्या सुमारास. आणि परजातीचे रक्त घातक ठरते हे पडताळायला त्यानेही कुत्रीच घेतली. माणसाचे रक्तगट लँडस्टायनरने ओळखले, ते १९०१ मध्ये.

या विद्येचे फळ कुत्र्यांच्या वाट्याला मात्र फार उशिरा आले. गोचिडीच्या चाव्यातून शिरलेले जंतू तांबड्या पेशी फोडतात, आकडीचे जंत पिल्लांचे रक्त पितात आणि जनावर पांढरेफटक पडते. अशा वेळी रक्त दिले, तर मूळ रोगावरचे औषध लागू पडेपर्यंत सवड मिळते. दुसऱ्या खेपेला मात्र जपावे लागते. पहिल्या रक्ताने प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात, म्हणून आधी दोघांचे रक्त जुळवून पाहतात.

आता देणाऱ्याला मरावे लागत नाही. धडधाकट, मोठ्या चणीचा कुत्रा निवडतात, बेताचेच रक्त घेतात, आणि तो खाऊ खाऊन घरी जातो. इकडे आजाऱ्याच्या शिरेत थेंब थेंब रक्त उतरत असते. धनी मधूनमधून त्याचा ओठ वर करून पाहतो, हिरड्यांवर लाली चढली का ते.