जॅझचे बिल कोण भरत असे? (धागा)

१९३५ च्या हिवाळ्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात व्हायोलिनवादक लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद दाखल झाला. शहरातील जॅझची गोष्ट बहुधा येथूनच, मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या नृत्यदालनाचा खर्च कसा भागत असे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

निव्वळ संगीत ऐकायला येणाऱ्यांच्या पैशावर तो भागणे शक्य नव्हते. मंडळी येत ती जेवायला, प्यायला आणि नाचायला. हॉटेलमालकाच्या दृष्टीने वाद्यवृंद हा दालनातील झुंबरासारखाच; गिऱ्हाईक खेचणारा. वादकाचे वेतन निघायचे ते ताटातून आणि त्याहून अधिक पेल्यातून.

ॲबीनंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताज गाजवले. वेदरफर्डच्या वाद्यवृंदात फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे वादकही बसू लागले. यात नवल नाही. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. आज गोव्याचा प्रवासी पनवेलला महामार्ग धरतो. त्या काळी ही मुले बोटीने वा रेल्वेने मुंबई गाठत आणि धोबीतलावच्या परिसरातील आपापल्या गावच्या ‘कुडा’त, म्हणजे स्वस्त सामाईक निवासात, पथारी टाकत. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ याच वाटेने आले आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने शहराचे लाडके ट्रम्पेटवादक झाले.

मग दारूबंदी आली. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आग्रहातून १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी लागू झाली. संगीतावर कोणतेही बंधन नव्हते, पण संगीताला पोसणारा पेलाच कायद्याने काढून घेतला होता. क्लब एका रात्रीत ओस पडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत पुढेही वर्षानुवर्षे वाद्यवृंद वाजत राहिले. केवळ त्यावर घर चालवणे मात्र अवघड झाले.

जॅझला सावरले ते सिनेमाने. संगीतकार पेटीवर चाल बांधी. गोव्याचा अरेंजर ती स्वरलिपीत उतरवी, व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांची अंगे वेगवेगळी लिहून काढी आणि वादक ती कागदावरून थेट वाजवीत. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सबॅस्टियन डिसोझा पुढे ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक चॉकलेट साहाय्यक होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’तील (१९५१) एका गाण्यात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही झळकतात. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल. हिंदी चित्रपटसंगीतात जॅझ शिरला तो कोणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे जितका, तितकाच वादकांच्या पोटापाण्याच्या निकडीमुळे. त्यांची नावे श्रेयनामावलीत शोधू जावे तर बहुधा हाती काही लागत नाही.

केवळ ऐकण्यासाठी जमलेला मोठा श्रोतृवर्ग शहराने पाहिला तो १९७८ मध्ये, निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने रंगभवनात भरलेल्या ‘जॅझ यात्रे’त. अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स तेथे वाजवून गेला. रंगभवनही धोबीतलावलाच, कुडांच्या शेजारी. पण यात्रा काही दिवसांची. क्लबला वर्षाच्या सगळ्या रात्री भरायच्या असतात.

२००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडला. त्याच्या संस्थापकांपैकी आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे जाहिरातींचे संगीत करणारे. त्यांनी क्लबला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओही जोडला होता, म्हणजे १९५० च्या वादकांची दिवसपाळी आणि रातपाळी एकाच छपराखाली आणली. जॅझबरोबर रॉक, फ्यूजन, इलेक्ट्रॉनिक असे सर्व काही तेथे वाजे. परळची ती जागा २०१६ मध्ये बंद झाली.