सह्याद्रीतील रानआमरींचे रंगवैविध्य : नोंदींचा इतिहास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या वेल्हे भागातील पासली हे गाव सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत वसलेले आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडावर अमरकंद ही जमिनीवरील आमरी फुलते. फुले आधी व पाने नंतर येत असल्याने जॉन लिंडली यांनी १८३३ मध्ये तिला ‘युलोफिया न्यूडा’, म्हणजे पर्णहीन, असे नाव दिले. या एकाच जातीची फुले कोठे हिरवट, कोठे गुलाबी, तर कोठे जांभळट आढळतात. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात अशा रंगभेदांना कोणते स्थान मिळाले, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

रंगाचे दुय्यम स्थान

लिनियसने १७५१ मधील ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात रंगावर फार विसंबू नये, असे बजावले होते. अवयवांची संख्या व आकार यांवर वर्गीकरण उभे राहिले आणि रंग गौण ठरला. मुंबई इलाख्यात डालझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ (१८६१) आणि थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–१९०८) याच परंपरेतील होत. सांतापाव व कपाडिया यांनी १९६६ मध्ये मुंबई इलाख्यातील आमरींवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

शुष्क नमुन्यांची मर्यादा

दाबून वाळवलेल्या फुलाचा आकार टिकतो, रंग मात्र उडतो. संग्राहकाने ताज्या फुलाचा रंग चिठ्ठीवर लिहिला नसेल, तर पुढील अभ्यासकाला तो कळण्याचा मार्ग उरत नाही. क्वचित नावानेच रंग जपला. लिंडली यांनी एका डेंड्रोबियमला ‘क्लोरॉप्स’, म्हणजे हिरव्या डोळ्याची, असे नाव दिले होते. पुढे ती जात ‘डेंड्रोबियम ओव्हॅटम’मध्ये समाविष्ट झाली आणि नावातील ती खूणही गेली.

निष्कर्ष

रंगभेद केवळ शोभेचा विषय नाही. रंगद्रव्यांचे प्रमाण आनुवंशिक घटकांवर अवलंबून असल्याने रंगभेद हे जातीतील अंतर्गत विविधतेचे दृश्य लक्षण ठरू शकते. अमरकंदाचे कंद औषधासाठी खणले जातात. विरळ रंगाचे झाड असे गेल्यास त्याची खूण कोणत्याही संग्रहात राहणार नाही. म्हणून स्थानिक महाविद्यालयांनी झाड न उपटता फुलाचे छायाचित्र, दिनांक, उंची व फुलाची अवस्था यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे आणि नेमके ठिकाण गोपनीय राखणे अगत्याचे आहे.